तीन एकरांत दोन कोप्या

धाराशिव जिल्ह्यात जमीन बघायला गेलो होतो असं सांगितलं की चिपळूणमध्ये पहिला प्रश्न येतो, "तिकडे कशाला?" पाऊस कमी, अंतर लांब, ओळख कुणाची नाही. तिन्ही हरकती खऱ्या आहेत आणि निघण्याआधीच मी त्या लिहून काढल्या होत्या. त्यांच्यासमोर उत्तर एकच होतं: तिथे आमच्या ऐपतीत एकरांची भाषा करता येते, इथे गुंठ्यांचीही येत नाही.

मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माझा नवरा विनायक शाळेत गणित शिकवतो. दोघंही आता निवृत्तीला आलो आहोत. हाती येईल त्यातला मोठा भाग बँकेत ठेवायचा आणि उरलेल्याची मोकळी जमीन घ्यायची, असं आमचं ठरलं होतं. फ्लॅट घेतला की रंग काढा, भाडेकरू शोधा, सोसायटीच्या सभेला जा. मोकळी जमीन दहा-बारा वर्षं काही मागत नाही, आणि आजारपण आलं तर विकता येते. मात्र ही खरेदी एकदाच होणार होती. ती फसली तर दुसरी करायला आमच्याकडे काही उरणार नव्हतं.

घरची जमीन आहे, पण ती कोकणातली. सातबाऱ्यावर चुलत-मावस मिळून नावांची रांग आणि आमचा वाटा असा, की आपल्या माडाचा नारळ पडला तर दुसऱ्याच्या हद्दीत घरंगळतो. त्या वाट्याचा उपयोग एवढाच, की कागदोपत्री विनायक शेतकरी ठरतो आणि त्यामुळे त्याला शेतजमीन घेता येते. या अनुभवावरून मी माझी पहिली अट ठरवली होती: सातबाऱ्यावर नाव एकच हवं. पुढे रस्ता, पाणी, वीज. पण आधी नाव.

जळकोट

मुक्काम नळदुर्गला केला आणि सकाळी जळकोटला गेलो. हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं हे गाव. रस्त्यालगत एका शेतात चुन्याच्या रेषा मारून प्लॉट पाडले होते आणि चारी कोपऱ्यांवर रंगीत झेंडे लावले होते. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक उत्साही गृहस्थ.

"पाणी?" मी विचारलं.

"येणार हाय."

"आतला रस्ता?"

"त्योबी येणार हाय. मॅडम, दोन वर्सांत डबल होतंय बघा."

"वीज?"

"खांब दिसतोय न्हवं समोर?"

खांब दिसत होता. तो हमरस्त्याच्या पलीकडे होता.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक शेतकरी आला आणि गृहस्थ त्याच्याशी सहज कानडीत प्लॉटच्या भावाचं बोलू लागले. या पट्ट्यात बरीच घरं दोन्ही भाषा बोलतात. एकाच वाक्यात भाषा बदलते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. विनायकचं आजोळ निपाणीकडचं. तो झेंड्यांकडे बघत शांतपणे ऐकत होता. शेतकरी गेल्यावर तो म्हणाला, "आम्हाला सांगितलेला भाव मराठीतला होता का?"

गृहस्थ मनापासून हसले. "साहेब, आधी सांगायचं की कानडी येती म्हनून. बसा, च्या घ्या."

चहा चांगला होता. प्लॉट घेतला नाही.

दुपारी रामेश्वरला फोन केला. विनायकच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याचा नंबर दिला होता. लोहाऱ्यात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि जोडीला तो जमिनींचे व्यवहार जुळवतो. सास्तूरजवळची तीन एकर जमीन त्यानेच सुचवली होती. सातबाऱ्यावर सदाशिवराव नावाच्या एकाच माणसाचं नाव. कागद आमच्या वकिलाने तपासले होते, बोजा नव्हता. फक्त बघणं बाकी होतं.

"उद्या येतो," मी म्हटलं.

"उद्या नका येऊ मॅडम. उद्या येळवस हाय."

कॅलेंडरवर अमावास्या मला दिसली होती. अमावास्येला व्यवहार नको, असं त्याला म्हणायचं असेल असं मी धरलं. आमच्याकडेही मानतात. "व्यवहार नाही, नुसती बघायची आहे," असं सांगून मी फोन ठेवला.

सास्तूरचं शिवार

वेळ अमावास्या, म्हणजेच येळवस, हे काय प्रकरण आहे ते आम्हाला लोहाऱ्यात शिरल्यावर कळलं. दुकानं बंद, हॉटेलं बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. घरांना कुलपं. रस्त्यावर कुत्री तेवढी होती. सकाळी वाटेत काहीतरी खाऊ म्हणून आम्ही उपाशी निघालो होतो. एवढं गाव गेलं कुठे, तर शेतात. या दिवशी इथली घरंच्या घरं पोराबाळांसकट, बैलगाड्यांनी, मोटारसायकलींनी, भाड्याच्या जीपनी आपापल्या रानात जातात. ज्यांना रान नाही त्यांना कुणीतरी आपल्या रानात बोलावतं.

रामेश्वर पांढराशुभ्र शर्ट घालून चौकात उभा होता. आमच्यासाठी त्याने घरचं जेवण सोडलं होतं, हे मला नंतर उमगलं. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "आता आलाव तर चला. सदाशिवरावबी सोलापूरहून आल्यात."

कोकणातून येणाऱ्या माणसाला तो प्रदेश पहिल्यांदा रिकामा वाटतो. डोंगर नाही, झाडी नाही, नजर अडतच नाही. थोड्या वेळाने डोळे सरावतात आणि दिसू लागतं: पोटरीतून कणसं बाहेर आलेली ज्वारी, तिच्या पायथ्याशी हरभरा, मध्ये करडईचे पट्टे, काढणीला आलेली तूर. माती काळी, इतकी की ओल्या जागी शाई सांडल्यासारखी दिसते. विनायकने पाणी दिलेल्या गव्हात एक पाय टाकला आणि पाय वर आला, बूट आला नाही. रामेश्वरने तो दोन हातांनी उपसून काढला. "आमचं रान पाव्हण्याला लगीच सोडत न्हाय," तो म्हणाला.

जमीन चांगली होती. दक्षिणेला डांबरी रस्ता, उत्तरेला आतल्या बाजूला बांधीव विहीर, आणि मधोमध एक बोरीचं झाड. मला ती बघताक्षणी आवडली. हे सांगते कारण आवडलेल्या वस्तूत माणूस खोट शोधत नाही, आणि मीही शोधली नसती.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या दोन कोप्या होत्या. कोपी म्हणजे माणूस वाकून आत शिरेल एवढी त्रिकोणी खोप. आत चुना लावलेले पाच दगड मांडलेले असतात. ते पांडव. एक कोपी विहिरीजवळ होती, एक रस्त्याच्या बाजूला. पाहुणे जास्त असतील म्हणून दोन, असं मला वाटलं.

विहिरीजवळच्या कोपीशी सदाशिवराव भेटले. सत्तरीच्या आसपासचे, टोपी, स्वच्छ धोतर, आवाज बारीक. सोलापुरात त्यांचं किराणा दुकान होतं, आता ते बंद करून मुलाकडे राहणार होते. "आधी चर शिंपतो, मग बोलू," म्हणाले. खांद्यावर घोंगडी, एका हातात अंबिलीचं गाडगं, दुसऱ्या हातात लिंबाचा डहाळा. डहाळा बुडवायचा आणि पिकावर शिंपडत आपल्या शेताच्या कडेकडेने फिरायचं. तोंडाने कानडी वळणाचे काही शब्द ते ओरडत होते, मागे पोरं तेच ओरडत होती. मीही मागे निघाले. शेताची हद्द फिरून बघायचीच होती.

उत्तरेचा बांध झाला, पूर्वेचा निम्मा झाला. बोरीच्या झाडाच्या रेषेत आल्यावर सदाशिवराव वळले आणि शेताच्या मधूनच, ज्वारीच्या दोन ओळींमधल्या वाटेने पलीकडे जाऊ लागले.

"तिकडे राहिलं की," मी रस्त्याच्या बाजूकडे हात करून म्हटलं. "अर्धं शेत अजून आहे."

"तिकडं बळीराम शिंपतो की," ते म्हणाले. चालणं थांबलं नव्हतं. आणि खरंच, पलीकडून एक घोंगडीवाला तशाच गाडग्यानिशी बोरीपर्यंत येऊन आपल्या बाजूला वळला.

रामेश्वर माझ्या मागेच होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो हरभऱ्याचा एक डहाळा उपटून सोलत बसला.

"बळीराम कोण?"

"धाकला भाऊ," तो म्हणाला. "कागदावर न्हाय."

पुढचं जेवणात उलगडलं. दोन्ही कोप्यांवरून बोलावणं आलं, आणि दोन्हीकडे जेवावंच लागतं. आम्ही आधी रस्त्याकडच्या कोपीपाशी बसलो, कारण बळीरामच्या बायकोने, कौसाबाईने, माझा दंडच धरला. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि भज्जी. ही भज्जी तळलेली नसते. हिरवे हरभरे, तुरीचे ओले दाणे, वाटाणे, मेथी, चिंच असं रानात असेल ते सगळं बेसनात घालून केलेली दाट भाजी असते. वर गाडग्यातली लसणाची अंबील. ज्वारीच्या पिठाची ताकातली ही अंबील आमच्या सोलकढीच्या जागी आहे असं मी म्हटलं, तर विनायक म्हणाला की सोलकढीला हिच्यापुढे उभं राहता येणार नाही. तो तिसरं भांडं पीत होता.

सदाशिवरावही तिथेच जेवायला आले. ते येताच कौसाबाईने पदर पुढे ओढला आणि ती कोपीच्या आडोशाला सरकली. थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नाही, अशी रीत. पण बोलणं तर होतं. तिने ते माझ्याकडे बघून सुरू केलं.

"अक्का, तुमी हे रान घेनार म्हनं?"

"बघायला आलोय."

"थोरल्यांचं घ्या की. त्यांचं हाय, त्यांनी इकावं. पर आमचंबी त्यातच इकाय काढलंय का, तेवढं इचारा."

मी सदाशिवरावांकडे बघितलं. ते हातातल्या उंड्याकडे बघत होते. तेही माझ्याशीच बोलले.

"ताई, तिला सांगा, बळीरामला म्या ह्याच्या बदली माझ्या वरच्या रानात देनार हाय. तेवढंच देनार."

"अक्का, वरच्या रानात कुसळबी धड उगवत न्हाय. तुमी एकदा चप्पल काढून तिथं चाला म्हनावं."

"ताई, तिला म्हनावं, चप्पल घालून चाल."

बळीराम हसला. पाठोपाठ सगळे हसले, कौसाबाईसुद्धा पदराआड. ती हसत हसतच माझ्या ताटात आणखी भज्जी वाढत म्हणाली, "भूकंपात सासरे गेले तवा हे ल्हान हुते, म्हनून थोरल्यांचं एकट्याचं नाव लागलं. पुढं दोगं इथं बोरीपाशी हुबारले आन् वाटून घेतलं. त्याला काय कागद लागतोय? आमी कवा मागितला न्हाय." मग, अजून माझ्याकडेच बघत, "आता मागाय लागनार."

सदाशिवराव पाणी प्याले. "आज सनाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि हे मात्र कुणालाच उद्देशून नव्हतं. बळीरामने त्यांच्या भांड्यात अंबील ओतली.

मी जेवत राहिले, पण मनात माझ्या पहिल्या अटीचा हिशेब मांडत होते. आमच्याकडे कागदावर नावं उदंड असतात आणि जमिनीवर माणूस एकही नसतो. म्हणून मी एका नावाला निर्धोक समजले होते. इथे नाव एक आणि कसणारी घरं दोन. वकिलाला हे सापडलं नसतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी आले असते तर मलाही सापडलं नसतं. उभ्या ज्वारीत बोरीची रेषा दिसत नाही.

नळदुर्गचा चहा

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव आणि रामेश्वर आमच्या लॉजवर आले. खालच्या हॉटेलात बसलो. रामेश्वरने बाजू नीट मांडली.

"मॅडम, कागद सगळा तुमच्या बाजूनं हाय. उद्या रजिस्ट्री केली तरी कुनी अडवू शकत न्हाय. भावाभावाचं त्ये बघून घेतील."

तो खोटं बोलत नव्हता. खरेदीखत झालं असतं, फेरफार झाला असता. विनायकने माझ्याकडे बघितलं. जमीन मला किती आवडली होती ते त्याला माहीत होतं.

"सदाशिवराव," मी म्हटलं, "तुम्ही काल बोरीपाशी वळलात. तिथपर्यंतच तुमचं आहे असं धरूनच वळलात ना?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "त्याच्या बाजूला म्या कसा शिंपीन?" ते म्हणाले. मग सावकाश, "ताई, दुकान बंद झालं. पोराच्या घरात जायचं तर मोकळ्या हातानं जायचं का? तुमची पेन्शन घ्यायात हाय, माझी इकन्यात हाय. अर्धं इकलं तर अर्धीच."

त्यांचं म्हातारपण आणि आमचं म्हातारपण त्याच तीन एकरांवर बसलेलं होतं, आणि बळीरामचं घरही. न्याय-अन्याय क्षणभर बाजूला ठेवला तरी, निवृत्तीनंतर ज्या जमिनीकडे शांतपणे बघायचं तिथे दुसऱ्याची ज्वारी उभी असेल, तर ती जमीन आमच्या कामाची नव्हती. मी तसंच सांगितलं. आम्ही घेतली तर विहिरीकडची दीडच एकर घेऊ, आणि तीही आधी दोघा भावांची वाटणी तहसिलात नोंदवून बळीरामचं नाव लागलं तर. तोवर बयाणा नाही.

"मॅडम, विहिरीकडच्या बाजूला रस्ता न्हाय," रामेश्वर म्हणाला. "ही बाजू एकली घेतली तर जायाचं कुठून? बळीरामच्या रानातूनच."

हे खरं होतं. आदल्या दिवशी ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सदाशिवराव उठले. "चला," म्हणाले, "त्यालाच इचारू."

बोरीपाशी

बळीराम शेतातच होता, कोपी मोडून कडबा रचत होता. सदाशिवरावांनी त्याला सगळं सांगितलं. वाटणीचं सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही. बळीरामने कडब्याची पेंढी खाली ठेवली.

"व्हय, वाट देऊ की," तो म्हणाला. "पश्चिमेच्या बांधानं बैलगाडी जाईल एवढी. पर पानी?"

विहीर विकली जाणाऱ्या बाजूला होती. त्याचा हरभरा त्याच विहिरीवर होता.

"पाण्याची तुमची पाळी तशीच राहील," विनायक म्हणाला. या दोन दिवसांत त्याने स्वतःहून दिलेला हा पहिला शब्द. मी त्याच्याकडे बघितलं, पण शब्द बरोबर होता.

"आणि वाट खरेदीखतात लिहावी लागेल," मी म्हटलं. "तोंडी चालणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाचं? लिवा की," बळीराम म्हणाला. "पान्याचं बी लिवा. मला बी आता सगळं लिवूनच पायजे."

सदाशिवरावांनी हे ऐकलं. त्यांचा चेहरा जरासा पडला, मग त्यांनी मान डोलावली. दोघं भाऊ पश्चिमेच्या बांधाने पुढे निघाले. बळीराम पावलं टाकत होता, मागे सदाशिवराव मोठ्याने मोजत होते, आणि एका जागी, किती पावलं झाली यावरून दोघांचं वाजलं. आम्ही बोरीखाली उभे राहिलो. कौसाबाईने बोरं आणून दिली. दीर लांब गेल्यामुळे तिचा पदर मागे होता. "अक्का, म्या जरा जास्तच बोलले व्हय काल?" तिने विचारलं.

"मी तर फक्त निरोप पोचवले," मी म्हटलं.

त्याच दिवशी आम्ही परत निघालो, जमीन न घेता.

घरी आल्यावर

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहून ठेवते. सातबारा बघा, वकील लावा, रस्ता-पाणी बघाच. पण एकदा पीक उभं असताना शेताच्या कडेने घरच्या माणसाबरोबर चाला, आणि तो कुठे वळतो ते बघा.

चार-पाच आठवडे रामेश्वरचा फोन नव्हता. मी तो व्यवहार मनातून काढत आले होते. रत्नागिरीकडचे काही प्लॉट बघायलाही सुरुवात केली होती, ते आवडले मात्र नव्हते. मग एका सकाळी मी स्टोअरमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. बळीराम होता. चावडीवर उभा होता, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, वाटनीची नोटीस लागली. आता कुनाची हरकत हाय का म्हनून वाट बघत्यात." मग त्याने ती मला वाचून दाखवायला सुरुवात केली. गट नंबर, क्षेत्र, सदाशिवरावांचं नाव आणि त्याखाली त्याचं स्वतःचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तेवढी ओळ त्याने दोनदा वाचली.

"कुणाची हरकत आहे का?" मी विचारलं.

"न्हाय. दादा इथंच हायत, शेजारी." फोनवर हात ठेवून तो कुणाशी तरी बोलला. "दादा म्हनत्यात, ज्वारी निघाली की या. निम्म्याचा भाव आता नीट बसून ठरवू म्हनत्यात."

"येतो आम्ही," मी म्हटलं.